सनरूफची डावी बाजू

स्नेहल मेश्रामच्या गाडीच्या छपरातली काच रविवारपासून चार बोटे उघडी होती. बटण दाबले की आत मोटर गुरगुरायची, काच जागच्या जागी थरथरायची आणि थांबायची. उजवी कड छपराला धरून होती. डावी मागे राहून थोडी वर उचलली गेली होती. सोमवारी पाऊस पडला, मंगळवारी पडला, बुधवारीही पडत होता. बर्मिंगहॅमच्या एप्रिलमध्ये यात बातमी काही नाही.

बातमी स्नेहलच्या फोनवर होती. तिच्या केअर कंपनीच्या मॅनेजरचा, हेलनचा, मेसेज दुपारी आला होता. उद्या सकाळची फेरी तुझी आहे. गाडी नसेल तर आजच कळव, मी दुसरी व्यवस्था करते. पण मग सोमवारी तुझ्या स्पॉन्सरशिपबद्दल मला वर कळवावे लागेल.

गोदामातली पाळी संपवून आलेल्या नवऱ्याला, संघर्षला, तिने तो वाचून दाखवला.

"वर म्हणजे कुठे?" त्याने विचारले.

"वर म्हणजे वर. एचआर, मग व्हिसावालं होम ऑफिस. तुला नकाशा काढून देऊ?"

संघर्षने बूट काढता काढता पुन्हा घातले.

स्नेहलचा व्हिसा या नोकरीवर होता आणि संघर्षचा व त्यांच्या मुलीचा, तनूचा, स्नेहलच्या व्हिसावर. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण दोन महिने मिळतात. केअरच्या कामाला नवे स्पॉन्सर आता जवळजवळ मिळत नाहीत, हे त्यांच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी परत जाऊन सिद्ध केले होते. तनूची जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा पुढच्या महिन्यात होती. ती आतल्या खोलीत केमिस्ट्री करत होती आणि दार लोटलेले असले तरी तिला सगळे ऐकू येत होते.

नोकरीची एक अट स्वतःची गाडी ही होती, आणि ती अट उगाच नव्हती. ब्रॉम्सग्रोव्हच्या पलीकडे विखुरलेल्या घरांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसे स्नेहलच्या फेरीवर होती. त्यांना उठवायचे, धुवायचे, कपडे घालायचे, गोळ्या द्यायच्या. तिथे सकाळी बस नाही. भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड लागते आणि ते दोघांकडेही नव्हते. सोमवारी स्नेहल छपरावर प्लास्टिक चिकटवून निघाली. टेप रिंग रोडवर सुटली, प्लास्टिक मागच्या व्हॅनच्या काचेवर गेले, आणि तिला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. ती मिसेस हॉलिसकडे पोचली तेव्हा बाई ओल्या गादीवर बसून रडत होत्या. बाईंच्या मुलीने तक्रार केली. ती तक्रार खोटी नव्हती, हेच स्नेहलला जास्त लागले होते. मंगळवारी डॅशबोर्डवर धोक्याचे दिवे लागायला लागले आणि बुधवारची फेरी हेलनने काढून घेतली.

एका गॅरेजवाल्याने मंगळवारी काचेकडे खालूनच बघितले होते. मोटर गेली, तो म्हणाला. पूर्ण फ्रेम बदलावी लागेल, मागवायला तीन-चार आठवडे.

"मोटर गेली असती तर आवाज कसा येतो?" स्नेहल आता म्हणाली. "चल खाली. छत्री घे."

स्मेदिकच्या त्या रस्त्यावर गाड्या फुटपाथला लागून उभ्या असतात. स्नेहल मागचे दार उघडून उंबऱ्यावर चढली, छत्री मानेत अडकवली आणि फोनचा टॉर्च काचेखालच्या फटीत धरला. संघर्ष ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

"दाब. टच करून सोड. पुन्हा दाब."

"काय दिसतं?"

"गप रे. बघू दे."

अर्धांगवायू झालेल्या माणसाला उभे करताना काय बघायचे, हे तिला कामावर शिकवले होते. चालणाऱ्या बाजूकडे बघू नका, ती चालतेच. मागे राहणारी बाजू कुठून मागे राहते ते बघा. खांद्यातून, कोपरातून की मनगटातून. तिने उजवीकडे बघणे सोडून दिले. काचेच्या दोन्ही बाजूंना दोन रूळ होते आणि प्रत्येक रुळात एक केबल. दोन्ही केबली एकाच मोटरवरून आलेल्या. संघर्षने बटण दाबले की डावी केबल हलत होती. म्हणजे मोटर जिवंत होती आणि केबलही. पण केबल हलूनही काच जागची हलत नव्हती.

"मोटर नाही," ती म्हणाली. "केबल पण नाही. केबल आणि काच यांच्यामध्ये काहीतरी तुटलंय."

"मग काच काढू?"

"काढ. अशीही उघडीच आहे."

संघर्ष नागपूरला असताना पंप दुरुस्त करायचा. गाड्यांतले त्याला फार कळत नव्हते, पण स्क्रू कुठलाही असो, त्याची भीती नव्हती. काचेचे चार स्क्रू निघाले. दोघांनी मिळून काच वर उचलली आणि मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली.

खालचा डावा रूळ निळा होता. पांढरे ग्रीस आणि निळा गुलाल यांचा मिळून गाढा लगदा झाला होता. त्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या. लगद्यातून स्नेहलने बोटाएवढा एक काळा प्लास्टिकचा तुकडा उचलला. त्याची एक टांग होती, दुसरी तुटलेली होती. तुटलेली टांग रुळातच सापडली. हे गाईड. काचेला केबलशी जोडून रुळावरून नेणारा सांधा.

 तो कधी तुटला, हे दोघांनाही माहीत होते.

रविवारी जयंतीची मिरवणूक होती. मोठ्या ट्रकला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून गाड्यांची रांग काढायचे ठरले, आणि सगळ्यांत पुढे सनरूफवाली गाडी हवी असे ठरले. त्यातून झेंडा उभा राहील, सगळ्यांना दिसेल. स्नेहलने गाडी दिली. तिला कोणी भरीस घातले नव्हते. नागपूरला ती लहान असताना मिरवणूक घरासमोरून जायची, ती नेहमी मागे उभी राहून बघायची. पुढच्या गाडीत बसायचे तिला होते आणि ती बसली. झेंड्याची काठी छपरातून वर काढली, पण ती डुलत होती. तेव्हा समितीचे अध्यक्ष भगवान गजभिये खिडकीशी आले आणि संघर्षला म्हणाले की काच थोडी बंद कर, काठी दाबून बसेल. काच काठीला लागली आणि आपोआप मागे गेली. बोट अडकू नये म्हणून या काचा तशा बनवलेल्याच असतात. पुन्हा लावली, पुन्हा मागे गेली.

"बटण सोडू नको," भगवान म्हणाले होते. "दाबून धर. होते बंद."

संघर्षने दाबून धरले. काच काठीवर दाबून थांबली, काठी घट्ट बसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वरून गुलाल पडला. मागच्या गाडीवरचे स्पीकर इतके मोठे होते की काही मोडल्याचा आवाज आला असता तरी ऐकू आला नसता.

संघर्षने आता फोन लावायला सुरुवात केली. डीलरकडे गाईड सुटे मिळत नव्हते, फ्रेमच घ्यावी लागत होती. भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या तीन यार्डांपैकी एकाने उचलले नाही, एकाकडे ते मॉडेल नव्हते, आणि एकाने सांगितले की गाडी आहे, पण तिच्यावर दुसरी गाडी पडलेली आहे. गोंदाने चिकटवून बघितले. पहिल्याच ओढीला टांग पुन्हा निघाली.

"भगवानकाकांची गाडी याच मॉडेलची आहे," स्नेहल म्हणाली.

"नवी आहे ती."

"नवी आहे, पण हीच आहे. आकार तोच."

"स्नेहल, तो माणूस गाडीला रविवारी फडकं मारतो. आपण त्याच्याकडे गाडी उघडायला मागायची?"

"मग हेलनला मेसेज कर. लिही, नाही जमत. तू लिही."

त्याने लिहिले नाही. भगवानांच्या घरी, क्विंटनला, जाताना गाडी तिने चालवली आणि तो मागे बसून छपराच्या भोकाखाली छत्री उघडून धरत राहिला. सिग्नलला शेजारच्या डबलडेकरमधून एका माणसाने खाली बघितले, मग आपल्या शेजाऱ्याला कोपराने ढोसले.

भगवान गजभिये बँकेतून निवृत्त झाले होते. त्यांच्या घराला गॅरेज होते आणि गॅरेजमध्ये ती करडी गाडी होती. त्यांनी दार उघडले तेव्हा संघर्षच्या हातात अजून छत्री होती आणि शर्ट छातीपर्यंत भिजला होता.

"जय भीम, काका."

"जय भीम, जय भीम. अरे या की. फोटो पाहिले का ग्रुपवर? तुमचीच गाडी आहे पुढे. फर्स्ट क्लास आली."

"काका, त्या गाडीचं छप्पर गेलंय," स्नेहल म्हणाली. तिने तळहातावरचा तुकडा पुढे केला. "हे तुटलं, काच दाबून काठी धरली तेव्हा. उद्या सकाळी मला कामावर जायचंय, गाडीने. नाही गेले तर स्पॉन्सरशिप जाते. हा पार्ट बाजारात मिळत नाही. तुमच्या गाडीत आहे."

भगवानांनी तुकडा हातात न घेता पाहिला.

"माझ्या गाडीत आहे म्हणजे?"

"तो काढून माझ्या गाडीत घालायचा. माझा तुटका तुमच्या गाडीत बसेल. तुमची काच बंद राहील, पाणी येणार नाही. फक्त उघडणार नाही. मी नवी फ्रेम ऑर्डर करीन, पण ती यायला महिना लागेल."

"अगं, ही काय साखर आहे, वाटीभर द्या म्हणायला? वॉरंटीतली गाडी आहे. मी उद्याचा दिवस गाडीच दिली असती तुला. पण उद्या गुरुवार, काकूंचं डायलिसिस. सहाला निघावं लागतं."

"मला माहितीये. म्हणून गाडी नाही मागितली."

"आणि गाडी तुझी जुनीच होती. प्लास्टिक कधी ना कधी जातंच."

संघर्ष पहिल्यांदा बोलला. "काका, दाबून धर म्हणालात तुम्ही."

"मी म्हणालो. तू इंजिनियर माणूस, तुला कळायला नको?"

"इंजिनियर नाही. पंप दुरुस्त करत होतो."

"तेच ते."

"तुमच्या गाडीला पण सनरूफ आहे," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती का नव्हती पुढे?"

"काकूंचं डायलिसिस..."

"रविवारी नसतं डायलिसिस. मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, गुलालाने सीट खराब होतात. मी मागच्या रांगेत होते, ऐकलं. तरी दिली मी गाडी. माइकवर तुम्ही समाजाचं देणं म्हणालात, मी टाळ्या पण वाजवल्या. मी समाजात येते की नाही, तेवढं सांगा."

 हॉलच्या टोकाला भिंतीला धरून भगवानांच्या पत्नी सिंधुबाई उभ्या होत्या. डाव्या दंडावर पट्टी होती.

"काहून भांडता दारात उभं राहून?" त्या म्हणाल्या. "पोरगा ओला हाय. आत घ्या न त्याला."

"तुला पडून राहायला सांगितलं होतं," भगवान म्हणाले.

"पडूनच ऐकलं सगळं. काय पाह्यजे पोरीला? सनरूफ?"

"तुझं काय होईल?" भगवान एकदम तिच्याकडे वळले. "डायलिसिसनंतर तुला मळमळतं. वरून हवा आली की बरं वाटतं, तूच म्हणतेस. त्याच्यासाठीच हे मॉडेल घेतलं."

स्नेहलला हे माहीत नव्हते. तिने तळहात मिटला. इथवर येताना तिने या माणसाच्या नावाने बरेच काही ठरवून ठेवले होते. ते आता तसेच राहिले आणि त्याच्या शेजारी ही गोष्टही येऊन बसली.

"काकू, मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. पण राहू दे, असे ती म्हणाली नाही. ते तिला म्हणता आले नाही.

सिंधुबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"खिडकीतून काय हवा येत नाही?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जास्तच झालं तर ओकीन पिशवीत. तुमच्या सीटवर नाही ओकत, घाबरू नका. द्या किल्ली."

भगवानांनी किल्ली हुकवरून काढली. ती संघर्षला देण्याआधी ते क्षणभर थांबले, पण दिली.

दोन्ही गाड्या गॅरेजच्या तोंडाशी शेजारी शेजारी लावल्या. संघर्षने नव्या गाडीची काच उतरवली. भगवान एक चादर घेऊन आले आणि बोनेटवर पसरली, मग दुसरी आणली आणि सीटवर पसरली. गाईड रुळाच्या पुढच्या टोकातून ओढून काढायचे होते. ते येत नव्हते. संघर्षने जोर लावला.

"तोडशील," स्नेहल म्हणाली. "हलव. ओढू नको, हलव."

ते निघाले. अखंड, काळे, ग्रीसने चकचकीत. तिने ते फडक्यावर ठेवले आणि आधी स्वतःच्या गाडीचा रूळ साफ करायला घेतला. टूथब्रश, कपडा, कोमट पाणी. रुळाच्या टोकाला पाणी वाहून जाण्याची एक बारीक नळी असते. ती खांबाच्या आतून खाली चाकाजवळ उतरते, आणि ती गच्च भरली होती. हिच्यातून वाट न मिळालेले पाणीच डॅशबोर्डच्या तारांवर जात होते. हवेचा पंप लावला तर नळी आतल्या आत सुटते, हे संघर्षने व्हिडिओत पाहिले होते. म्हणून गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी भगवानांकडून घेतली आणि हळूहळू आत सोडली. बऱ्याच वेळाने पुढच्या चाकामागे निळे पाणी पडायला लागले आणि भगवानांच्या स्वच्छ ड्राइव्हवेवरून गटारीकडे गेले. भगवान बघत राहिले. 

गाईड बसले. मोटर सोडवून दोन्ही केबली हाताने सारख्या खुणेवर आणल्या, मोटर परत लावली, काच बसवली. बटण दाबले. काच निघाली, अर्ध्यावर आली, आणि उलट मागे गेली.

पुन्हा दाबले. पुन्हा मागे.

"तुटलं," संघर्ष म्हणाला. तो खाली उंबऱ्यावर बसला. "हे पण तुटलं. आता दोन गाड्या गेल्या."

स्नेहलने टॉर्च लावून डावीकडे पाहिले. गाईड शाबूत होते. काच सरळ होती. मग ती फोनवर गाडीचे मॅन्युअल उघडून वाचत बसली. दोन्ही पुरुष तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मोटर काढली की तिला काच कुठे संपते ते आठवत नाही," ती म्हणाली. "परत शिकवावं लागतं. बटण दाबून धरायचं. काच पूर्ण उघडून, पूर्ण बंद होईपर्यंत सोडायचं नाही. मागे जाण्याची सेफ्टी तेवढा वेळ बंद असते."

"म्हणजे मध्ये काही अडकलं तर?"

"तर तुटेल."

कोणी पुढे आले नाही. भगवान म्हणाले, "मी दाबतो." संघर्ष म्हणाला, "नको, काका." त्याचा स्वर उद्धट नव्हता, थकलेला होता. स्नेहल ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीटचे स्पंज अजून ओले होते, ते पँटमधून लागले. तिने बटणावर बोट ठेवले आणि दाबले.

काच हललीच नाही. काही झाले नाही. बोट तसेच ठेवले. मग मोटर वेगळ्या, जड आवाजात सुरू झाली. काच मागे गेली, टोकाला ठेचकाळली, पुढे यायला लागली. अर्ध्यावर, जिथून ती परतत होती तिथे, एकदा करकरली. स्नेहलने बोट काढले नाही. ओठ आत घेतले होते. काच पुढे सरकली, खाली बसली, आणि मोटर बंद झाली.

भगवानांनी पाण्याचा पाइप आणला आणि छपरावर धरला. संघर्ष आत बसून हाताने छताचे कापड चाचपत राहिला. "कोरडं," तो म्हणाला. "अजून धरा. कोरडं."

नव्या गाडीत तुटके गाईड बसवून काच बंद केली आणि तिच्या मोटरची वायर काढून ठेवली. भगवानांनी सवयीने आत बसून छपराचे बटण दाबले. काही झाले नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवला. "घेऊन जा तुझी गाडी," ते म्हणाले. "आणि ती फ्रेम मी मागवतो. तू नको."

स्नेहलने आभार मानले. त्यांच्यात अजून बरेच राहिले होते आणि ते त्या संध्याकाळी बोलण्यासारखे नव्हते.

सकाळी पाऊस होता. ब्रॉम्सग्रोव्हच्या रस्त्याला ती दर वळणावर एक हात वर करून छत चाचपत होती. मिसेस हॉलिसच्या घराशी ती वेळेआधी पोचली तेव्हा तिथे हेलनची गाडी आधीच उभी होती. शेजारच्या सीटवर कंपनीच्या गणवेशात एक नवी मुलगी होती. तिच्या मांडीवर स्नेहलच्या फेरीचा कागद होता.

हेलनने खिडकी खाली घेतली. आधी तिने स्नेहलच्या गाडीच्या छपराकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"तुझा मेसेज आला नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"गाडी नसेल तर कळव, असं लिहिलं होतं. गाडी आहे."

 नव्या मुलीने कागद उलटा केला.

"सोमवारची मीटिंग होईलच," हेलन म्हणाली. "तक्रार आलेली आहे, ती मला बाजूला ठेवता येत नाही. पण आजची फेरी तू कर. आज केलीस, तेवढं मी लिहीन."

"सोमवारी मला बोलता येईल?"

"येईल. किती उपयोग होईल, माहीत नाही."

ती गाडी वळवून निघून गेली. स्नेहलने हातमोजे घातले, दाराशेजारच्या किल्लीच्या डबीचे आकडे फिरवले आणि किल्ली काढली. आत अंधार होता आणि वरून बारीक आवाज आला, कोण आहे म्हणून.

"मी आहे, मिसेस हॉलिस," तिने जिन्याखालून सांगितले. "स्नेहल. आले मी. उठू नका, वर येतेय."